संसर्गाच्या पायऱ्या आणि परिचारिकेचे हात

अजिंठ्याचें नांव निघालें कीं वाघूर नदीच्या कड्यांत कोरलेलीं लेणीं आणि त्यांतील चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु त्याच नांवाचें एक गांव घाटमाथ्यावर आहे, आणि त्या गांवाची एक आठवण चित्रकलेच्या नव्हे, तर शुश्रूषेच्या इतिहासांत मोडते. सन १८०३ च्या सप्टेंबर महिन्याच्या २३ तारखेस असई येथें शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांची जनरल वेलस्लीच्या इंग्रजी फौजेशीं लढाई झाली. लढाई एका दिवसांत संपली; पण इंग्रजांकडील ४२८ माणसें ठार झालीं आणि १,१३८ जखमी झालीं. मराठ्यांकडील हानि याहून किती तरी मोठी होती. कर्नल स्टीव्हन्सन दुसरी फौज घेऊन मागाहून येऊन मिळाला, तेव्हां त्याच्या शस्त्रवैद्यांनाही जखमींच्या सेवेस लावावें लागलें, आणि पाठलाग २६ तारखेपर्यंत लांबला. पुढें या जखमींसाठीं अजिंठा गांवांत इस्पितळ मांडण्यांत आलें. जवळच्या लेण्यांची त्या फौजेला वार्ताही नव्हती. जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस तीं पडलीं तें साल १८१९.

त्या काळचे शस्त्रवैद्य अनाडी नव्हते. मोडून चेंदलेला पाय थोडक्या वेळांत कापून वेगळा करण्याचें आणि वाहती रक्तवाहिनी बांधून टाकण्याचें कसब त्यांच्या हातीं होतें. परंतु युरोपियन फौजांतून तेव्हां सर्वत्र रीत अशी होती कीं, एका जखमेंत रुतलेली गोळी बोटानें चांचपावी आणि तेंच बोट कापडास पुसून दुसऱ्या जखमेंत घालावें; एकाच भांड्यांतल्या पाण्यांत स्पंज पिळून ओळीनें सर्वांच्या जखमा पुसाव्या. जखमेंत दाट पांढरा पू धरला तर तें जखम भरून येण्याचें शुभ चिन्ह मानीत. जखमा सडतात त्या दूषित हवेमुळें, अशी समजूत होती. जंतु हे रोगाचें कारण आहेत हें सिद्ध होण्यास अजून साठ-सत्तर वर्षें लागावयाचीं होतीं. त्यामुळें रणांगणावर वांचलेला शिपाई इस्पितळाच्या खाटेवर दगावणें, ही त्या शतकांतील युद्धांची नित्याची कथा झाली.

पुढें १९५६ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याचें रुग्णालय लोकांच्या तोंडीं ‘घाटी’ या नांवानें आहे. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेणारी मुलगी पहिल्या कांहीं महिन्यांतच जें शिकते, तें वेलस्लीच्या सर्वांत हुशार वैद्यासही ठाऊक नव्हतें. तें ज्ञान दोन भागांचें आहे. संसर्ग कोणत्या वाटेनें येतो, हा एक भाग. आणि शरीरांत शिरल्यावर तो कोणत्या पायऱ्यांनीं चढतो व उतरतो, हा दुसरा. हे दोन भाग एकत्र समजले म्हणजे रुग्णालयांतील नियम बाहेरच्या माणसास जाचक कां वाटतात, आणि तरीही ते सर्व रोग्यांसाठीं सारखेच कां पाळावे लागतात, याचा उलगडा होतो.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, संसर्ग आणि रोग या दोन गोष्टी एक नव्हेत. जंतु शरीरांत शिरून तेथें वाढूं लागले कीं संसर्ग झाला. त्या वाढीनें शरीराची हानि होऊन लक्षणें दिसूं लागलीं कीं रोग झाला. माणसाच्या कातडीवर, नाकांत आणि आंतड्यांत असंख्य जंतु कायमचे वसतीस असतात आणि बहुधा निरुपद्रवी राहतात. तेच जंतु शस्त्रक्रियेच्या जखमेंत उतरले, किंवा मूत्राशयांत घातलेल्या नळीवाटे आंत शिरले, तर जिवावर बेततें. म्हणजे जंतु कोणता याइतकाच, तो कोठून कोठें गेला हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

या प्रवासाची साखळी सहा कड्यांची सांगतात. पंढरपूरच्या यात्रेंत पूर्वीं वारंवार उद्भवणारी पटकी घेतली तर हीं सहाही कडीं स्पष्ट दिसतात. पहिलें कडें पटकीचा जंतु. दुसरें त्याचें आश्रयस्थान, म्हणजे माणसाचें आंतडें. तिसरें बाहेर पडण्याची वाट, म्हणजे जुलाब. चौथें प्रवासाचें साधन: नदीचें पाणी, न धुतलेले हात, अन्नावर बसणारी माशी. पांचवें दुसऱ्या शरीरांत शिरण्याची वाट, म्हणजे तोंड. आणि सहावें, ज्याची प्रतिकारशक्ति अपुरी आहे असें शरीर. या सहांपैकीं एक कडें तुटलें तरी साखळी तुटते. रोग्याचे जुलाब तत्काळ थांबविणें कदाचित् हातीं नसेल. पण पिण्याचें पाणी शुद्ध करणें आणि जेवणापूर्वीं हात धुणें हातीं असतें. संसर्ग थोपविण्याचें सारें शास्त्र या एका विचारावर उभें आहे: ज्या कड्यापर्यंत आपला हात पोंचतो तें कडें तोडावें.

आतां पायऱ्यांकडे वळावें. आयुर्वेदानें रोगाचें ‘पूर्वरूप’ आणि ‘रूप’ असे भेद पूर्वींच केलेले आहेत. आजचें शास्त्र त्यांच्या आधीं एक आणि नंतर दोन अशा पायऱ्या धरून एकंदर पांच सांगतें.

पहिली पायरी सुप्तकालाची. जंतु शिरले आहेत, वाढत आहेत. पण माणूस हिंडतो फिरतो आहे आणि त्याला कांहींही जाणवत नाहीं. हा काल प्रत्येक रोगाचा वेगळा असतो. पटकीचा कांहीं तासांपासून ५ दिवसांपर्यंत, फ्ल्यूचा १ ते ४ दिवस, धनुर्वाताचा बहुधा ३ ते २१ दिवस, कांजिण्यांचा १० ते २१ दिवस. आणि ब प्रकारच्या काविळीचा तर दोन महिन्यांपासून पांच महिन्यांपर्यंत. दुसरी पायरी पूर्वरूपाची. अंग मोडून येतें, कणकण वाटते, अन्न नकोसें होतें; पण या लक्षणांवरून अमुकच रोग असें सांगतां येत नाहीं. तिसरी पायरी रूपाची. गोवराचा पुरळ, काविळीचे पिवळे डोळे, पटकीचे तांदळाच्या धुवणासारखे जुलाब अशीं त्या त्या रोगाचीं विशेष लक्षणें आतां उघड होतात. चौथी पायरी उताराची: शरीर जंतूंवर मात करूं लागतें, ताप ओसरतो. या वेळीं रोगी अशक्त असतो, आणि दुसराच एखादा जंतु संधि साधून शिरण्याची भीति असते. पांचवी पायरी पूर्ववत् होण्याची. लक्षणें गेलेलीं असतात आणि शरीर झीज भरून काढीत असतें.

या पांच पायऱ्या पाठ करणें सोपें आहे. त्यांतून निघणारा निष्कर्ष मात्र सहज ध्यानांत येत नाहीं, आणि सर्व विषयाचें मर्म त्यांतच आहे. रोग उघड दिसतो तो मुख्यतः तिसऱ्या पायरीवर. पण रोगी दुसऱ्यास संसर्ग देऊं शकतो तो केवळ तिसऱ्याच पायरीवर नव्हे. गोवराचा पुरळ उठण्याच्या सुमारें ४ दिवस आधींपासून मूल इतरांस गोवर देऊं लागतें. फ्ल्यूचा रोगी शिंकूं लागण्याच्या आदल्या दिवशींच जंतु पसरवीत असूं शकतो. २०२० सालीं आलेल्या कोविडच्या साथीनें तर ही गोष्ट घरोघर पटवून दिली. ज्यांना कधींच लक्षणें दिसलीं नाहींत त्यांच्याकडूनही तो रोग पसरला. शेवटच्या पायरीचीही तीच कथा. विषमज्वरांतून उठलेल्या माणसांपैकीं थोडींशीं माणसें वर्षानुवर्षें आपल्या पित्ताशयांत ते जंतु बाळगून असतात. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण अशीच होती. ती धडधाकट दिसे, आपणांस हा रोग कधीं झालाच नाहीं असें म्हणे. आणि तरी तिनें रांधलेल्या अन्नांतून घरेंच्या घरें आजारी पडलीं. १९०७ सालीं तिला प्रथम वेगळें ठेवण्यांत आलें, आणि १९१५ पासून १९३८ त मरण येईपर्यंत तिला तसेंच राहावें लागलें.

तेव्हां ‘हा रोगी संसर्गजन्य दिसतो, याला जपून हात लावूं, तो दुसरा साधा दिसतो, त्याला कशाला?’ हा विचार सुशिक्षित माणसासही स्वाभाविक वाटला, तरी तो चुकीचा आहे. दिसण्यावर विसंबून कडें तोडूं गेलें तर भलतेंच कडें हातीं येतें. महाराष्ट्रानें याचा दाहक अनुभव घेतलेला आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढच्या वर्षीं पुण्यास सोल्जरांकडून घरोघर झडत्या झाल्या; आजारी दिसेल त्याला उचलून नेण्यांत आलें, सामान जाळण्यांत आलें, आणि लोकांत पराकाष्ठेचा क्षोभ माजला. गांठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांच्या दंशानें माणसांत येतो, हें सिमाँ या फ्रेंच वैद्यानें मांडलें तें १८९८ सालीं. म्हणजे इतका जुलूम करूनही साखळीचें मुख्य कडें जागच्या जागीं राहिलें होतें. याच साथीच्या काळांत सावित्रीबाई फुले यांनीं, डॉक्टर असलेल्या यशवंतरावांच्या सोबतीनें, पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. त्यांतच त्यांना त्या रोगानें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या धैर्यास तोड नाहीं. परंतु रोग्याची सेवा करणाऱ्याचें रक्षण करणारें शास्त्र त्या वेळीं अपुरें होतें. आजच्या परिचारिकेस तें उपलब्ध आहे. तें वापरणें हें भित्रेपणाचें लक्षण नसून कर्तव्याचाच भाग आहे. कारण संसर्ग झालेली परिचारिका पुढच्या रोग्यास तो देऊं शकते.

साखळीच्या सर्व कड्यांत परिचारिकेच्या सर्वांत जवळचें कडें म्हणजे तिचे स्वतःचे हात. हा शोध व्हिएन्ना येथील इग्नाझ सेमेलवाइस या वैद्याचा. तेथील रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकांत वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यांत सुइणी. आणि विद्यार्थ्यांच्या विभागांत बाळंतज्वरानें दगावणाऱ्या स्त्रिया फार अधिक असत. १८४७ सालीं सेमेलवाइसचा एक सहकारी प्रेत तपासतांना बोटास सुरी लागून मरण पावला, आणि त्याच्या शरीरांत बाळंतज्वराचींच चिन्हें आढळलीं. विद्यार्थी प्रेतें चिरून त्याच हातांनीं बाळंतिणींस तपासीत, हें तेव्हां सेमेलवाइसच्या ध्यानीं आलें. त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम केला. एप्रिलमध्यें शेंकडा १८ वर गेलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें शेंकडा २ च्या आसपास आलें. परंतु खरा धडा त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मिळाला. गर्भाशयाचा कर्करोग होऊन स्राव वाहत असलेली एक बाई ओळींतील पहिल्या खाटेवर होती. तिला तपासल्यानंतर वैद्यांनीं पुढच्या स्त्रियांस तपासलें, आणि त्या ओळींतील बारांपैकीं अकरा बाळंतिणी दगावल्या. प्रेतागारांतून येतांना एकदां हात धुणें पुरेसें नाहीं, एका रोग्यापासून दुसऱ्याकडे जातांनाही ते धुतले पाहिजेत, हें तेव्हां कळलें. अजिंठ्याच्या इस्पितळानंतर ४४ वर्षांनीं हें उमगलें. आणि शस्त्रक्रियेच्या जखमांसाठीं कार्बोलिक आम्लाची योजना लिस्टरनें जाहीर केली ती आणखी २० वर्षांनीं, १८६७ त.

आज जागतिक आरोग्य संघटनेनें हात स्वच्छ करण्याचे पांच प्रसंग ठरवून दिले आहेत. रोग्यास स्पर्श करण्यापूर्वीं; जखम बांधणें, सुई टोंचणें, नळी घालणें अशा निर्जंतुक कामापूर्वीं; रक्त, लघवी, पू यांचा संपर्क आल्यानंतर; रोग्यास स्पर्श केल्यानंतर; आणि रोग्याच्या खाटेस, चादरीस किंवा टेबलास हात लागल्यानंतर. पहिले दोन रोग्याच्या रक्षणासाठीं आहेत. उरलेले तीन परिचारिकेच्या आणि पुढच्या रोग्याच्या. हात मळलेले दिसत असतील तर साबण व पाण्यानें ४० ते ६० सेकंद धुवावे; तसे नसतील तर अल्कोहोलयुक्त द्रव २० ते ३० सेकंद चोळला तरी चालतो. तळवे सर्वच धुतात. राहून जातात तीं बोटांचीं टोकें, अंगठा आणि बोटांमधील बेचक्या. नखें वाढलेलीं नसावीं, आणि अंगठ्या व बांगड्या कामावर येतांना उतरून ठेवाव्या, कारण त्यांच्याखालीं पाणी पोंचत नाहीं आणि जंतु मात्र पोंचतो. हातमोजे हे हात धुण्याला पर्याय नव्हेत. मोज्यास डोळ्यांना न दिसणारें छिद्र असूं शकतें. आणि एकाच मोज्यांनीं दोन रोग्यांस हात लावला तर १८०३ च्या बोटांत आणि या मोज्यांत फरक तो काय राहिला?

हातांनंतर उपकरणें. येथें स्वच्छ करणें आणि निर्जंतुक करणें हे दोन वेगळे शब्द आहेत. चिमट्यावर वाळलेलें रक्त राहिलें तर त्याखालचे जंतु उष्णतेपासूनही बचावतात; म्हणून आधीं घासून धुणें, मग निर्जंतुक करणें, हा क्रम उलटतां कामा नये. पाणी उकळल्यानें पुष्कळ जंतु मरतात. पण धनुर्वाताच्या जंतूंसारखे कांहीं जंतु कठीण कवचाचीं बीजें करून राहतात आणि तीं उकळत्या पाण्यासही दाद देत नाहींत. त्यांसाठीं दाबाखालील वाफ लागते: ऑटोक्लेव्ह यंत्रांत १२१ अंश सेल्सिअस उष्णता १५ मिनिटें. घरच्या प्रेशर कुकरचें तत्त्व तेंच.

तिसरी गोष्ट सुया आणि कचरा. वापरलेल्या सुईस पुन्हा टोपण बसवूं नये. टोपण बसवितांनाच ती बोटांत शिरते, आणि ब प्रकारच्या काविळीसारखे रोग रक्ताच्या सूक्ष्म थेंबांतूनही जातात. भारतांत २०१६ च्या नियमांनीं रुग्णालयीन कचऱ्याचे रंग ठरविले आहेत: रक्तानें भिजलेला कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवींत, प्लॅस्टिकच्या दूषित नळ्या लाल पिशवींत, सुया व पातीं न भोंसकणाऱ्या पांढऱ्या डब्यांत, कांचेच्या बाटल्या निळ्या खोक्यांत. हे रंग खोलीच्या शोभेसाठीं नाहींत. त्यांची गल्लत झाली तर कचरा वेंचणाऱ्या माणसाचा हात त्या सुईवर पडतो, आणि साखळीस रुग्णालयाबाहेर नवें कडें मिळतें.

हे नियम सर्व रोग्यांस सारखे लागू आहेत, मग रोगी दिसावयास कसाही असो. रुग्णालयांतून त्यांना ‘स्टँडर्ड प्रिकॉशन्स’ असें नांव आहे. रोग निश्चित कळल्यावर त्याच्या प्रवासाच्या रीतीप्रमाणें त्यांत भर पडते, पण त्यांतून वजा कांहींच होत नाहीं. स्पर्शानें पसरणाऱ्या रोगास हातमोजे व झगा. खोकल्याच्या थेंबांनीं पसरणाऱ्यास साधा मास्क व रोग्यापासून अंतर. आणि क्षय, गोवर, कांजिण्या यांसारख्या हवेंत तरंगत राहणाऱ्यांस वेगळी, हवा खेळती असलेली खोली व घट्ट बसणारा एन-९५ मास्क. गोवराचे जंतु तर रोगी खोलींतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथल्या हवेंत राहूं शकतात.

आतां इतकीं प्रभावी औषधें निघालीं असतां हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, औषध चालतें तें रोग झाल्यावर. साखळी तोडावयाची ती रोग होण्याआधीं. शिवाय पेनिसिलिन व त्यानंतरच्या प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतु आतां जगभर वाढत आहेत, आणि ते विशेषतः रुग्णालयांतच पोसले जातात. अशा जंतूंपुढें साबण, पाणी आणि दक्षता यांची किंमत पुन्हा सेमेलवाइसच्या काळाइतकीच झाली आहे.

शहरांतील कुटुंबांनींही यांतून आपल्यापुरता बोध घ्यावा. रुग्णालयांत आप्तास भेटावयास जातांना दहा जणांचा मेळावा नेऊं नये. स्वतःस कणकण असेल तर जाऊंच नये, कारण पूर्वरूप तें हेंच. खाटेवर बसूं नये. आंत जातांना व बाहेर येतांना हात धुवावे. मुलास गोवराची लस वेळेवर टोंचून घेणें म्हणजे साखळीचें सहावें कडें तोडणेंच होय. आणि परिचारिकेनें ‘आधीं हात धुवा’ असें सांगितलें तर त्यांत आपल्या घराण्याच्या स्वच्छतेचा अपमान मानूं नये. उलट ती स्वतः हात धुण्यास विसरली तर तिला नम्रपणें आठवण देण्याचा अधिकार रोग्यास आहे, आणि चांगली परिचारिका त्याचा राग मानीत नाहीं.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत ‘मरणासन्न राजकन्या’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें चित्र आहे. ती नंदाची पत्नी सुंदरी असें जाणते सांगतात. तिचें दुखणें विरहाचें, संसर्गाचें नव्हे; तरी तिच्याभोंवतीं जें चाललें आहे तें शुश्रूषाच आहे. एकीनें तिला मागून सांवरलें आहे, एकीच्या हातीं पंखा आहे, एकीनें तिचा हात हातीं घेतला आहे. रोग्यास स्पर्श केल्यावांचून सेवा होत नाहीं, हें त्या चित्रकारानें पंधराशें वर्षांपूर्वीं पाहिलें होतें. आणि तोच स्पर्श जंतूची वाट होतो, हें शास्त्रानें अलीकडे दाखविलें. परिचारिकेनें यांतलें एकही सत्य सोडावयाचें नाहीं. रोग्याचा हात हातीं घ्यावा, पण तो घेण्यापूर्वीं आणि सोडल्यानंतर आपला हात धुवावा, आणि हें खाटेवरचा माणूस कोण व कसा दिसतो याचा विचार न करतां दर वेळीं करावें.